हेलियममध्ये शांत, आर्गॉनमध्ये तारा, हवेत तडतड: वायू बदलला की डिस्चार्ज का बदलतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. दोन सपाट इलेक्ट्रोड, एकावर २ मिमी जाडीची काच, १ मिमीची गॅप, काही किलोहर्ट्झचा हाय व्होल्टेज सप्लाय. हेलियम सोडला की सगळ्या गॅपमध्ये एकसारखा जांभळट उजेड पडतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वेल्डिंगवाल्याकडून आर्गॉन आणून सोडला तर केसांसारख्या चमकत्या तारा दिसतात आणि काच एकाच जागी तापते. नुसत्या हवेत तडतड आणि ओझोनचा वास. त्यात एप्रिलमधली रीडिंग जुलैत जुळत नाहीत. वडगावात काकांचे माग आहेत. पॉलिस्टर कापडावर रंग बरा चढावा म्हणून हा डिस्चार्ज, म्हणजे वायूतून वाहणारी वीज, वापरता येईल का, आणि हेलियमच्या जागी स्वस्तातला आर्गॉन चालेल का?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. कापडासाठी हेलियम सोडून द्या, आर्गॉनही सोडा, साधी हवा कोरडी करून वापरा. आर्गॉनमध्ये हेलियमसारखा सपाट उजेड मिळवता येतो, पण तुमच्या सेटअपवर आणि दुकानातल्या सिलिंडरवर ते जमणार नाही. आणि जुलैचं म्हणाल तर जुलैत तुमच्या गॅपमध्ये वेगळाच वायू असतो, तुम्ही त्यालाही हवाच म्हणता एवढंच.

कोरोना ट्रीटर (डिस्चार्जने प्लास्टिकचा पृष्ठभाग शाई धरण्याजोगा करणारं यंत्र) आणि ओझोनेटरचे (ओझोन बनवणारं यंत्र) सप्लाय बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. तक्रार घेऊन येणारा माणूस नेहमी ट्रान्सफॉर्मरवर बोट ठेवतो. निम्म्या वेळा ट्रान्सफॉर्मर धडधाकट असतो आणि गडबड वायूत असते. सिलिंडरवर काय लिहिलंय त्यापेक्षा गॅपमध्ये त्या क्षणी खरोखर काय काय आहे, हे बघायला शिकायचं. वातावरणाच्या दाबाला शंभरातला एक भाग, कधी दहा हजारातला एक भागसुद्धा डिस्चार्जची जात बदलून टाकतो.

हेलियमपासून सुरू करू, कारण तिथेच पहिला गोंधळ होतो. हेलियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला, म्हणजे आयनीभवनाला, २४.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) लागतात. कुठल्याही मूलद्रव्याला इतके लागत नाहीत. आर्गॉनला १५.८, नायट्रोजनच्या रेणूला १५.६, ऑक्सिजनला १२.१. म्हणजे हेलियम पेटायला सगळ्यात अवघड हवा. प्रत्यक्षात तो हवेपेक्षा कितीतरी कमी व्होल्टेजला पेटतो. असं का?

कारण आयनीभवनाला किती लागतं हा अर्धाच हिशेब झाला. तिथपर्यंत पोचेपर्यंत वाटेत किती खर्च होतं, हा उरलेला अर्धा. इलेक्ट्रॉन क्षेत्रातून ऊर्जा घेत जातो आणि वायूच्या कणांवर आपटत राहतो. हेलियमच्या अणूला १९.८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली कुठली पायरीच नाही. त्यामुळे तोवरच्या सगळ्या टकरा नुसत्या टप्पा खाऊन परत येण्याच्या, त्यात ऊर्जा जवळजवळ जात नाही. नायट्रोजनचं तसं नाही. त्याचा रेणू स्प्रिंगसारखा थरथरतो, आणि त्या थरथरीची एक पायरी फक्त ०.२९ इलेक्ट्रॉनव्होल्टची आहे. इलेक्ट्रॉन २ ते ३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आला की नायट्रोजन त्याला धरतोच. पगाराच्या दिवशी नाक्यावर उधारीवाले उभे असावेत आणि घरी पोचेपर्यंत खिसा रिकामा व्हावा, तशी त्या इलेक्ट्रॉनची गत होते. म्हणून हवा फोडायची तर क्षेत्र जबरदस्त लागतं. १ मिमी गॅपला समुद्रसपाटीवर साधारण साडेचार किलोव्होल्ट धरा.

आता तुमच्या त्या जांभळ्या उजेडाकडे या. तो रंग हेलियमचा नाही. हेलियमच्या स्वतःच्या रेषा ५८७.६ नॅनोमीटरला पिवळी, ६६७.८ आणि ७०६.५ ला लाल अशा आहेत. जांभळट दिसतो तो नायट्रोजनच्या आयनाचा ३९१.४ नॅनोमीटरचा आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्यांचा. नायट्रोजन तुम्ही सोडलेला नाही. तो कडेच्या फटींतून शिरलाय, नळीतून आलाय, काचेवर चिकटून बसला होता. आणि गंमत म्हणजे तुमचा डिस्चार्ज इतका चांगला चाललाय त्यात या घुसखोराचा मोठा वाटा आहे.

त्याचं असं आहे. हेलियमचा अणू १९.८ च्या पायरीवर चढला की तिथे अडकतो, प्रकाश टाकून खाली येण्याची सोपी वाट त्याला नाही. याला मेटास्टेबल म्हणतात. रिकाम्या जागेत एकटा ठेवला तर तो दोन तासांहून जास्त टिकतो. तुमच्या गॅपमध्ये त्याला नायट्रोजनचा रेणू भेटतो. नायट्रोजनला १५.६ लागतात, याच्याकडे १९.८ आहेत. धक्का बसला की नायट्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटतो. हे पेनिंग आयनीभवन. क्षेत्र कमी असतानाही गॅपभर थोडे थोडे इलेक्ट्रॉन तयार होत राहतात, पुढच्या अर्ध्या सायकलला सुरुवात करायला सगळीकडे बी पेरलेलं असतं, आणि एकाच जागी मोठी ठिणगी फुटण्याऐवजी शेजारशेजारच्या असंख्य लहान धारा एकमेकींत मिसळून जातात. १९८८ मध्ये टोकियोच्या सोफिया विद्यापीठातल्या ओकाझाकी यांच्या गटाने वातावरणाच्या दाबाला स्थिर ग्लो, म्हणजे हाच सपाट उजेड, दाखवला, तेव्हा त्यांच्या अटी याच होत्या: हेलियम भरपूर, मध्ये इन्सुलेटर आणि किलोहर्ट्झच्या वरची फ्रिक्वेन्सी.

पण घुसखोर फार झाले की तेच बिघडतं. काही दहा-शेकडा पीपीएम (दहा लाखांतले भाग) नायट्रोजन हेलियमला पेटायला मदत करतो, तोच टक्क्याच्या घरात गेला की थरथरीची उधारी पुन्हा सुरू होते, व्होल्टेज चढतं आणि तारा दिसू लागतात. तुमच्या फ्लोमीटरचा काटा खाली आणत गेलात तर हे सगळं डोळ्यांसमोर दिसेल. प्रोजेक्टच्या रिपोर्टात हा एक प्रयोग घातलात तरी परीक्षकांना पुरे.

हेलियमचं आणखी एक बळ आहे. त्याची उष्णतावाहकता हवेच्या जवळजवळ सहापट, आर्गॉनच्या आठपटीहून जास्त. कुठे जरा जास्त करंट गेला तर उष्णता लगेच काचेत आणि धातूत पसरते. आर्गॉनची काच एका जागी तापते आणि हेलियमची तापत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

आर्गॉनकडे जाऊ. त्याच्याही वाटेत थरथरीच्या पायऱ्या नाहीत, त्यामुळे तोही हवेपेक्षा सहज पेटतो. अडचण पेटल्यावर सुरू होते. क्षेत्र थोडं वाढलं की त्यातलं आयनीभवन फार झपाट्याने वाढतं. इलेक्ट्रॉनची लाट वाढत वाढत साधारण दहा कोटी इलेक्ट्रॉनांपर्यंत गेली की तिचा स्वतःचा विद्युतभार बाहेरच्या क्षेत्राच्या तोडीचा होतो आणि ती सरळ तारेसारखी धावते. याला स्ट्रीमर म्हणतात. मग त्या तारेतला वायू तापतो, आर्गॉन उष्णता वाहून नेत नाही, तापलेल्या जागी वायू विरळ होतो, विरळ झाला की इलेक्ट्रॉनला दोन टकरांमध्ये जास्त ऊर्जा मिळते, आणि पुढच्या सायकलला तार तिथेच पुन्हा पेटते. म्हणून तुमच्या तारा जागा सोडत नाहीत.

पेनिंगची मदतही आर्गॉनला मिळत नाही. त्याचे मेटास्टेबल ११.५ आणि ११.७ इलेक्ट्रॉनव्होल्टचे. नायट्रोजनला १५.६, ऑक्सिजनला १२.१, पाण्याच्या वाफेला १२.६ लागतात. तिन्हींना हे कमी पडतं. ऑक्सिजनच्या बाबतीत तर थोडक्यासाठी हुकतं. म्हणून आर्गॉनमध्ये सपाट ग्लो हवा असेल तर ११.५ च्या खाली आयनीभवन असलेलं काहीतरी किंचित मिसळतात: अमोनिया १०.१, ॲसिटोन ९.७, इथेनॉल १०.५. कागदावर सुंदर दिसतं. पण उघड्या गॅपमध्ये ॲसिटोनची वाफ, शेजारी ठिणगी आणि वर ओझोन, हे कॉलेजच्या लॅबमध्ये करू नका. बंद चेंबर, नीट एक्झॉस्ट आणि जाणता माणूस शेजारी असेल तरच.

वेल्डिंगच्या आर्गॉनबद्दल एक गोष्ट. तो टिग वेल्डिंगला चांगला असतो, म्हणजे साधारण ९९.९९ टक्क्यांच्या आसपास. खरी घाण बहुतेक वेळा सिलिंडरच्या पुढे शिरते. रेग्युलेटरपासून सेलपर्यंत निळ्या पीयू (पॉलियुरेथेन) नळीचे दोन-तीन मीटर लोंबत असतात, न्यूमॅटिकवाल्याकडची. त्या नळीच्या भिंतीत पावसाळ्यात पाणी मुरलेलं असतं आणि ते कोरड्या आर्गॉनमध्ये तासन्‌तास सुटत राहतं. वर्णपट काढलात तर ३०९ नॅनोमीटरला ओएचची, म्हणजे पाण्याचा रेणू तुटून उरलेल्या तुकड्याची, पट्टी ठळक दिसेल. आर्गॉनचे मेटास्टेबल पाण्याला आयनित करू शकत नाहीत, पण फोडू शकतात, आणि त्यातच खर्ची पडतात. नळी टेफ्लॉनची किंवा तांब्याची घ्या, लांबी शक्य तितकी कमी ठेवा आणि रीडिंगच्या आधी वायू बराच वेळ वाहू द्या. नळी बदलल्या दिवशी घेतलेल्या रीडिंगवर तर भरवसाच ठेवू नका.

आता हवा. नायट्रोजनची उधारी सांगून झाली. वर ऑक्सिजन आहे, तो मोकळे इलेक्ट्रॉन गिळतो आणि ऋण आयन बनतो. ऋण आयन जड, जागचा हलायला मंद, पुढे आयनीभवन करण्याच्या कामाचा नाही. इलेक्ट्रॉन गिळण्याच्या या गुणाचं टोक म्हणजे एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) हा वायू. केपीटीसीएलच्या (कर्नाटकची वीजवहन कंपनी) सबस्टेशनमध्ये ब्रेकरमध्ये तो भरतात तो याचसाठी, त्याची विद्युत-सहनशक्ती हवेच्या अडीच-तीन पट आहे. प्रयोग म्हणून तो आणून बघावा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. डिस्चार्जमध्ये तुटला की त्यातून विषारी फ्लोराइड निघतात, आणि हरितगृह वायू म्हणून तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त वाईट आहे.

मधेच कुणीतरी म्हणतं, मग हवेऐवजी नायट्रोजन घेऊ, लेझर कटिंगवाल्यांकडे हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारा पीएसए प्लांट असतो. नायट्रोजनमध्ये सपाट डिस्चार्ज होतो हे खरं. नायट्रोजनचेही ६.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचे मेटास्टेबल असतात, ते काचेवर जाऊन इलेक्ट्रॉन सोडवतात आणि पुढच्या सायकलची तयारी करतात. पण काहीशे पीपीएम ऑक्सिजन आला की ते मेटास्टेबल विझतात आणि तारा परत येतात. पीएसएच्या ९९.९ टक्के नायट्रोजनमध्येच उरलेला बराचसा ऑक्सिजन हजार पीपीएमच्या घरात असतो. तेव्हा तो नाद सोडा.

आणि जुलै. हा भाग मला जास्त जवळचा, कारण दर वर्षी मृगाच्या पावसानंतर फोन सुरू होतात. एप्रिलची दुपार, ३६ अंश, आर्द्रता २० टक्के धरा. हवेत पाण्याची वाफ येते साधारण १.३ टक्के. जुलैत २३ अंश आणि ९० टक्के धरलीत तर सुमारे २.७ टक्के. दुप्पट. थंडावा वाटतो म्हणून पाणी कमी असेल असं वाटतं, पण उलटं आहे. पाण्याचा रेणू ओझोन बनण्याच्या वाटेवरचे ऑक्सिजनचे अणू आणि इलेक्ट्रॉन पळवतो, ओएच तयार करतो, आणि ओएच उरलेला ओझोनही खातो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून नायट्रिक आम्ल बनतं. पावसाळ्यात तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या कडेला निळसर-हिरवट ओलसर थर धरतो तो त्याचाच. ओझोनेटरवाले म्हणूनच हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफ गोठू लागते किंवा तिचं पाणी होऊ लागतं) उणे ६० अंशांच्या आसपास मागतात, म्हणजे दहा लाखांत दहा-बारा भाग पाणी.

शिवाय काचेवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो. कोरड्या काचेवर जिथे विद्युतभार पडतो तिथेच तो थांबतो, म्हणून बारीक बारीक ठिणग्या सगळीकडे विखुरतात. ओल्या काचेवर तो पसरतो, ठिणग्यांची संख्या घटते आणि एकेक ठिणगी जाड होते. तुम्हाला जुलैत तडतड जास्त मोठी वाटली असेल तर कारण हे. काच इलेक्ट्रोडच्या बाहेर चहूबाजूंनी किमान दोन-तीन सेंटिमीटर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात कडेवरून सरकत जाऊन एक दिवस सरळ आर्क बसेल.

पुस्तकातल्या आकड्यांबद्दलही थोडं. ते १०१.३ किलोपास्कलला असतात. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, आपल्याकडे दाब ९२-९३ किलोपास्कल. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पाशेनने १८८९ मध्ये दाखवलं तसं, व्होल्टेज दाब आणि गॅप यांच्या गुणाकारावर ठरतं. म्हणून तुमची १ मिमी गॅप कारवारपेक्षा बेळगावात दोन-तीनशे व्होल्ट आधी फुटेल. मधल्या २ मिमी काचेची परावैद्युतता पाच धरली तर ती ०.४ मिमी हवेसारखी वागते आणि व्होल्टेजचा जवळजवळ तीस टक्के भाग खाते. म्हणजे सप्लायवर ६ किलोव्होल्ट पीकच्या आसपास डिस्चार्ज सुरू व्हायला हवा. तुमचा साडेसात-आठला सुरू होत असेल तर पहिली शंका गॅपवर घ्या, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चारही कोपऱ्यांत मोजा.

कापडाचं आता स्पष्ट बोलतो. पॉलिस्टर डिस्पर्स रंगाने (पाण्यात जवळजवळ न विरघळणारा रंग), दाबाखाली १३० अंशांच्या आसपास रंगवतात. रंग धाग्याच्या आत शिरतो. प्लाझ्मा, म्हणजे डिस्चार्जमधला हा आयनित वायू, वरच्या काही नॅनोमीटरलाच हात लावतो. त्यामुळे रंग दुप्पट चढेल अशी आशा काकांना लावू नका. जे नक्की मिळतं ते ओलं होण्याचं: पाण्याचा थेंब मोत्यासारखा बसायचा तो चटकन शोषला जातो. छपाईची शाई, कोटिंग, फिनिश चांगलं धरतात. त्याला कापडाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट बसवावे लागतात, आणि ऑक्सिजन हवेत फुकट आहे. हेलियममधून तो आणायचा तर वेगळा मिसळावा लागतो, हेलियमच्या जेटमध्ये साधारण अर्ध्या टक्क्याला ऑक्सिजनचे अणू सगळ्यात जास्त मिळतात, त्यापुढे डिस्चार्जच मरगळतो. आर्गॉनचं ७ घनमीटरचं सिलिंडर मिनिटाला ५ लिटरने तेवीस तासांत रिकामं होतं, आणि मागाच्या रुंदीला ५ लिटर म्हणजे काहीच नाही.

तर हवा, कॉम्प्रेसरची. रेफ्रिजरेटेड ड्रायर असेल तर त्याचा दवबिंदू दाबाखाली ३ अंश असतो. ७ बारवरून मोकळी सोडली की त्यात पाणी उरतं हजारात एक भाग, म्हणजे जुलैच्या २.७ टक्क्यांवरून ०.१ वर. कापडाला एवढं पुरे. नसेल तर सिलिका जेलची नळी लावा, निळी गुलाबी झाली की भाजून घ्या. फक्त एक विसरू नका: कापड स्वतः पाणी घेऊन येतं. पॉलिस्टर वजनाच्या ०.४ टक्के, सुती आठ टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टर-सुती मिश्रण असेल तर आधी गरम रोलरवरून न्या, नाहीतर कोरड्या हवेवरचा खर्च वाया. तारा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. कापड सरकतं ठेवा, तार एका जागी थांबली तरच भोक पडतं. आणि प्रक्रिया केलेलं कापड गोदामात ठेवू नका, परिणाम दिवसागणिक उतरतो.

डिस्चार्ज सपाट आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. दाट तारा डोळ्याला सपाटच दिसतात. अर्थिंगच्या बाजूला ५० ओहमचा रेझिस्टर घालून ऑसिलोस्कोपवर करंट बघा. अर्ध्या सायकलला मायक्रोसेकंदांचा एकच रुंद उंचवटा असेल तर तो ग्लो. दहा-वीस नॅनोसेकंदांच्या सुयांचं जंगल असेल तर तारा. पॉवर मोजायला रेझिस्टर काढून तिथे कपॅसिटर घाला आणि व्होल्टेज विरुद्ध चार्ज असं चित्र काढा. मॅनलीने १९४३ मध्ये दाखवलेली ही पद्धत आजही तीच आहे, आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे एका सायकलची ऊर्जा. वायू बदलला की ही आकृती कशी फुगते-आकसते ते एका कागदावर एकावर एक काढा.

एक्झॉस्ट फॅन बाहेरच्या भिंतीत बसवा, सेलच्या शेजारी. ओझोनची मर्यादा कामाच्या जागी ०.१ पीपीएम आहे आणि नाक थोड्या वेळात त्याला सरावतं, तेव्हा वास गेला म्हणजे ओझोन गेला असं समजू नका. आर्गॉन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. सिलिंडर तळघरात किंवा मागाच्या खड्ड्याजवळ ठेवू नका.